पान दोनशे अकरा

मातोझिन्युशच्या कारखान्यात बाराचा भोंगा झाला
की आम्ही चौघी रिकाम्या पेट्यांमागे बसतो.
हातांना सार्डिनचा वास, म्हणून पुस्तकांनाही.
ग्रंथालयातली बाई ती परत घेताना नाक मुरडत नाही,
फक्त खिडकी उघडते.

झुल्मिराला लागतात ड्रॅगनवाल्या कादंबऱ्या,
विटेएवढ्या जाड, पहिल्या पानावर नकाशा.
"सातशे पानं," ती म्हणाली, "तीन युद्धं, एक शापित मुकुट,
पण एवढ्या सैन्याला रांधून कोण घालतं
ते एका ओळीत नाही.
नकाशात बंदर आहे. बंदरात मासे साफ करणारी
एकसुद्धा बाई नाही."
तरी दुसरा भाग तिनं आधीच सांगून ठेवलाय.
ड्रॅगन म्हातारा झालाय म्हणे, उडताना धाप लागते त्याला.
हे सांगताना तिचा आवाज
वडिलांबद्दल बोलताना होतो तसा झाला.

खुनाचं खातं माझ्याकडे.
चाळिसाव्या पानावर मी पेन्सिलीनं नाव लिहून ठेवते
आणि शेवटी ताडून बघते. यंदा अकरापैकी नऊ.
परवाचा खून माळ्यानं केला, तो काही मला पटला नाही.
अख्ख्या बंगल्यात राबणारा तो एकटा,
त्याला सवड कधी मिळाली?

अल्बर्टिना वाचत नाही. ऐकते, आणि प्रत्येक गोष्टीला,
प्रेतं पडली तरी, एकच विचारते:
"लग्न झालं का शेवटी?"

प्रेमाच्या कादंबऱ्या दिओलिंदाच्या.
तिच्याइतकी कडक परीक्षक मी पाहिली नाही.
नायकाला कधी सर्दी होत नाही, म्हणते.
वादळात त्याचा शर्ट नेमका फाटतो
आणि नंतर तो शिवतं कोण?
पण दीपगृहाचा रखवालदार आणि शहरातली डॉक्टरीण,
ती कादंबरी तिनं काही न बोलता पुढं सरकवली.
आम्ही आळीपाळीनं वाचली.

दोनशे दहानंतर थेट दोनशे तेरा.
दोनशे दहावर ती दार आपटून निघून जाते.
दोनशे तेरावर दोघं एका टेबलाशी बसून हसतायत.
मधलं पान नाही.

आठवडाभर दुसरा विषय नव्हता.
झुल्मिरा म्हणाली, वादळ आलं असणार, होडी उलटली असणार.
मी म्हटलं, त्यानं काहीतरी कबूल केलं,
बहुतेक पहिल्या बायकोबद्दल.
अल्बर्टिनाचं मत तुम्हाला माहीतच आहे.
दिओलिंदानं डब्यातलं तेल पावानं पुसलं.
"नसेल काही खास," म्हणाली.

नोव्हेंबरात तिचा एप्रन खुंटीवरून पडला.
उचलताना खिशातून घडी केलेला कागद निसटला.
मी वाचणार नव्हते.
पण सांगितलं ना, खुनाचं खातं माझं.

पानावर वादळ नव्हतं. होडी नव्हती.
तो तिच्या मागोमाग जातो, पायरीवर बसतो,
संत्रं सोलतो,
फोडींवरचे पांढरे दोरे एकेक करून काढतो,
कारण तिला ते आवडत नाहीत,
आणि विचारतो: "रात्री झोप लागली का?"
बस. तेवढंच. पुढं दोन ओळी समुद्राच्या.

दिओलिंदाचा आर्मिंदु नऊ वर्षं लक्झेम्बर्गमध्ये
काँक्रीट ओततो. दर रविवारी फोन करतो.
पैसे पोचले का, विचारतो.
माणूस वाईट नाही.

ग्रंथालयाचं पुस्तक फाडणं म्हणजे तसा गुन्हाच.
मी कागद त्याच जुन्या घड्यांवर दुमडला
आणि होता तिथं ठेवला.
हातांचा वास त्याला लागला असेल,
पण तो आधीच होता.

दुसऱ्या दिवशी झुल्मिरानं विषय पुन्हा उकरला.
"वादळच," मी म्हटलं. "तुझंच बरोबर."
दिओलिंदानं माझ्याकडे पाहिलं,
जरा जास्तच वेळ,
मग आपल्या डब्यातलं ऑलिव्ह माझ्या पावावर ठेवलं.

"ते असू दे," अल्बर्टिना म्हणाली,
"पण लग्न झालं ना?"